पूर्वेस तात्या

बबनतात्यांना चहा देताना 'थोडा घ्या' असं कधीही म्हणू नये. मी एकदा म्हटलं, शाळेच्या स्टाफरूममध्ये, पहिल्याच भेटीत. तात्यांनी कप उचलून उजेडाकडे धरला आणि विचारलं, "थोडा म्हंजे कितवर, बाई? ह्या निळ्या रेघंपतूर, का वरच्या फुलापतूर?"

मला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. नव्हता करत. निळ्या रेघेपर्यंत ओतून घेतल्यावरच त्यांनी तोंडाला कप लावला.

भोरच्या कचेरीबाहेर तात्यांनी चाळीस वर्षं लोकांचे अर्ज आणि खरेदीखतं लिहिली. जमीन कामथडीची असो की सारोळ्याची, तात्यांच्या दस्तात वकिलालाही बोट ठेवायला जागा सापडली नाही, असं लोक सांगतात. तात्या स्वतःही सांगतात. अशा दस्तात चतुःसीमा लिहावी लागते, म्हणजे पूर्वेस कुणाचं शेत, दक्षिणेस कुठला ओढा, पश्चिमेस काय आणि उत्तरेस काय. आयुष्यभर हेच लिहिल्यामुळे त्यांना जगात एकच शत्रू उरलाय, तो म्हणजे मोघमपणा. "मोघम बोलू नका" हे ते रिक्षावाल्याला, डॉक्टरला आणि एकदा भर कीर्तनात बुवांनाही म्हणाले आहेत. बोलणं अस्सल गावाकडचं; पण हातात पेन आलं की 'सबब' आणि 'उपरोक्त'शिवाय ओळ सरकत नाही.

अशा माणसाची नात माझ्या वर्गात आली. सायली, इयत्ता नववी. मुलगा-सून वेल्ह्याकडे डोंगरात शेती बघतात, म्हणून शाळेसाठी ती आठ वर्षं भोरला आजोबांजवळ. तात्यांची बायको जाऊन बराच काळ झाला, घरात ही दोघंच. सायली स्वमग्न आहे, तसा डॉक्टरांचा दाखला शाळेत आहे. तात्यांचं म्हणणं जरा वेगळं. "तिला मोघम कळत न्हाई, एवढंच. मला तरी कुठं कळतं? माझ्याकडं दाखला न्हाई, एवढाच फरक."

पहिल्याच आठवड्यात मी तिच्या वहीत शेरा मारला, 'अभ्यास नीट करणे'. दुसऱ्या दिवशी फुलस्केप कागदावर अर्ज हजर.

'विषय: नीट या शब्दाचा खुलासा मिळणेबाबत. महोदया, उपरोक्त शेऱ्यात अक्षर नीट, की उत्तर नीट, की बसणे नीट, याचा बोध होत नाही. सबब खुलासा व्हावा, ही विनंती.' सोबत दुसरी प्रत, पोच म्हणून सही करून परत देण्यासाठी.

माझं डोकंच फिरलं. पंचवीस वर्षं मराठी शिकवतेय, आणि हे मला 'नीट'चा अर्थ विचारणार! पोच न देता मी कागद कपाटात कोंबला. मग सायलीनं वही माझ्यापुढे ठेवली. एकच पान तिनं इतक्या वेळा खोडून पुन्हा लिहिलं होतं, की कागदाला भोक पडलं होतं. 'नीट' कुठे संपतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली. मुकाट्यानं अर्ज बाहेर काढून मी पोच दिली आणि खुलासा लिहिला, 'अक्षर ठीक आहे. पाच उत्तरे, एकदाच लिहिणे.'

तिथून आमचा पत्रव्यवहार सुरू झाला. 'पाठ वाचून येणे' म्हणजे कितीदा, मनात की मोठ्यानं? 'गटात चर्चा करा', पण चर्चा संपली हे कोण ठरवणार? तात्या फाटकातून येताना दिसले की बाकीचे शिक्षक प्रयोगशाळेत शिरायचे. खरं सांगते, दोनदा मीही शिरले.

एकदा एक खुलासा द्यायला मीच त्यांच्या घरी गेले. एसटी स्टँडजवळची जागा, बाहेर हॉर्न आणि टेम्पोंचा गोंगाट. टेबलाशी बसून सायली भूगोल लिहीत होती. पुढ्यात हिरवा लेजर कागद आणि त्यावर तात्यांच्या वळणदार अक्षरात चक्क दस्त. 'पूर्वेस पान बेचाळीस, प्रश्न पहिला. दक्षिणेस साडेपाच वाजता प्रारंभ. पश्चिमेस पान त्रेचाळीस, प्रश्न चौथा. उत्तरेस सहा वाजता समाप्ती व शेंगदाण्याची चिक्की, एक नग.' खाली दोघांच्या सह्या. वर्गात पेनही न उचलणारी मुलगी एकेक उत्तर लिहून पुढे बरोबरची खूण करत होती. तात्या दारात खुर्ची टाकून बसले होते.

"तुम्ही शिकवता का तिला?" मी विचारलं.

"छ्या! भूगोल कुणाच्या बापाला येतोय? म्या नुस्ता बसतो हितं."

सहामाहीत मात्र मराठीच्या पेपरात सायलीनं निबंधाचं पान कोरं सोडलं. तिची निबंधाची पानं कोरीच असायची. मुख्याध्यापकांनी तात्यांना बोलावून घेतलं. "पुढच्या वर्षी दहावी. हिला बाहेरून बसवा, घरीच अभ्यास करू दे."

"बाहेरून म्हंजे कुठनं?" तात्यांनी सवयीनं विचारलं, पण आवाज नेहमीचा नव्हता. व्हरांड्यात आल्यावर म्हणाले, "बाई, जल्मभर लोकांच्या हद्दी लिवल्या म्या. आता माझ्याच नातीला हद्दीबाहेर घालत्यात बगा. घरात कोंडली तर पोरीला मी सोडून माणूसच दिसायचं न्हाई."

मी आत जाऊन वार्षिक परीक्षेपर्यंत मुदत मागितली. मिळाली.

वार्षिकला निबंधाचा विषय होता, 'माझे घर'. पेपर मीच काढला होता, आणि आता वाचताना मलाच तो मोघम वाटला. घराचं काय लिहायचं? कुठून कुठपर्यंत? मुख्याध्यापकांना विचारून मी सायलीच्या प्रश्नपत्रिकेवर हातानं लिहिलं, 'घरी तू अभ्यासाला बसतेस तिथून चारही बाजूंना काय आहे ते लिही.'

सायलीनं लिहिलं. मुख्याध्यापकांनी ते दोनदा वाचलं आणि बाहेरून बसवायचा विषय परत काढला नाही. दहावीच्या हजेरीपटावर तिचं नाव चढलं.

उत्तरपत्रिका दाखवायला मी तात्यांना बोलावलं. त्यांनी चष्मा लावला, काढला, आणि कागद माझ्याकडे सरकवला. "तुमीच वाचा, बाई. दस्त वाचून दाखवावा लागतो."

मी वाचलं. "'मी टेबलाशी बसते. दक्षिणेस फ्रिज आहे. तो आवाज करतो. पश्चिमेस भिंत व कॅलेंडर आहे. उत्तरेस मोरी आहे. पूर्वेस भिंत नाही, दार आहे. दारातून हॉर्नचे आवाज येतात. मग तात्या दारात बसतात. पूर्वेस तात्या असले की मला लिहिता येते.'"

तात्यांनी पुन्हा चष्मा लावला आणि कागदावर वाकले. मग म्हणाले, "तात्या असंच लिवलंय?"

"हो."

"आठ वरसं झाली, बाई. एकदा बी हाक मारली न्हाई तिनं. मला वाटायचं, ह्या म्हाताऱ्याचं नाव तिला ठावं तरी हाय का न्हाई."

त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. माझेही भरून आले होते.

दुसऱ्या दिवशी तात्या स्वतःच अर्ज घेऊन शाळेत आले. 'विषय: पूर्व बाजूबाबत. अर्जदाराचे वय झाले आहे. पूर्वेस दुसरेही माणूस चालते, याची सायलीस आतापासून सवय होणे आवश्यक. सबब विनंती की, आपण दर शनिवारी साडेपाच ते सहा आमचे दारात बसावे. मुदत:' आणि पुढे काहीच नाही.

"तात्या, मुदत लिहायची राहिली," मी म्हणाले. "म्हणजे बसायचं कधीपर्यंत?"

तात्या खिडकीबाहेर बघत होते. मैदानाच्या कडेनं सायली एकटीच पावलं मोजत चालली होती.

"ऱ्हाऊ द्या, बाई," ते म्हणाले. "तेवढं मोघमच असू द्या."

मी दुसऱ्या प्रतीवर पोच लिहिली, सही केली, आणि मुदतीची जागा तशीच कोरी ठेवली.