सरासरी साडेसदतीस इंच

“टेप नीट धर, सैल सोडू नकोस,” मास्तर स्टुलावरून म्हणाले.

“धरलीये की! तुमचाच हात थरथरतोय,” मास्तरीणबाई खालून म्हणाल्या.

बाहेरच्या दाराची चौकट वाळवीने आतून पोखरली होती. चौकटीसकट नवं दार करून घ्यायचं ठरलं, तसा सुतार माप घ्यायला यायला निघाला होता. पण मास्तरांनी त्याला फोनवरच थांबवलं. हा सुतार म्हणजे त्यांचा जुना विद्यार्थी. गणितात लागोपाठ दोनदा नापास. अशा माणसाने मापं काढायची आणि चौतीस वर्षं गणित शिकवलेल्याने बघत बसायचं, हे काही मास्तरांच्या पचनी पडेना.

जुन्या चौकटीच्या बाहेरून, भिंतीपासून भिंतीपर्यंत त्यांनी टेप लावली. वर साडेअडतीस इंच भरले, मध्ये साडेसदतीस आणि खाली साडेछत्तीस. तिन्ही मापं पुन्हा घेतली, तरी तेच.

“भिंत वाकडी आहे वाटतं,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “सुताराला विचारा ना.”

“विचारायचं काय त्यात? तीन मापं आली की सरासरी काढायची.” आणि त्यांनी वळणदार अक्षरात कागदावर लिहिलं, ‘रुंदी साडेसदतीस इंच’. खाली सहीसुद्धा केली.

पंधरा दिवसांनी सुतार दार-चौकट घेऊन आला. जुनं दार उतरवलं. चौकट उपटायला गेला, तर ती अक्षरशः तुकड्या-तुकड्यांत हातात आली. मग नवी उभी केली. वरच्या बाजूला बोट जाईल एवढी फट राहिली आणि खाली चौकट आत शिरेचना.

“मध्ये बरोबर बसतीये की!” मास्तर म्हणाले.

सुताराने मान खाली घातली. शाळेत घालायचा तशीच. “सर, तिन्हींतलं सगळ्यात लहान माप धरायचं असतं. वरची फट बुजवता येते. खाली इथं काँक्रीटचा खांब आहे, तो कसा फोडणार?”

मास्तरीणबाईंनी आपल्या ‘सुताराला विचारा ना’ची आठवणही न देता सुताराला पाणी आणून दिलं. हे मास्तरांना जास्त लागलं.

चौकट आणि दार दोन्ही लहान करायला चार-पाच दिवस लागणार होते. जुनं दार परत लावावं तर बिजागऱ्या ठोकायला चौकटच उरली नव्हती. रात्रीपुरता प्लायवूडचा एक तक्ता आडवा टेकवायला देऊन सुतार निघून गेला.

सकाळी तक्ता बाजूला केला आणि घर सताड उघडं पडलं. मास्तर खुर्ची टाकून राखणीला बसले. जरा वेळाने समोरचे कंपाउंडर आपल्या घरातून बाहेर आले, दार नसलेल्या दाराकडे पाहत क्षणभर थबकले आणि सरळ आत येऊन बसले. टेबलावरचा पेपर उचलून त्यांनी मधलं पान काढून घेतलं.

मास्तर बघतच राहिले. मुलगी लहान होती तेव्हा हे दार सकाळी उघडायचं ते दिवेलागणीलाच लागायचं. पोरं एका घरातून दुसऱ्या घरात धावायची, आणि कंपाउंडर दवाखान्यात जाण्याआधी रोज इथे पेपर वाचायचे, मधलं पान आधी. मुलगी लग्न होऊन दूर गेली, घरात दोघंच उरली. मग दाराला साखळी आली, बघायचं भोक आलं, बेल आली. कंपाउंडर कधी यायचे थांबले, ते मास्तरांना आठवतसुद्धा नव्हतं.

“का हो, इतकी वर्षं आला नाहीत?” त्यांनी न राहवून विचारलं.

“यायचो की, दारापर्यंत,” कंपाउंडर पानाआडून म्हणाले. “पण बेल वाजवून काय सांगायचं, पेपर वाचायला आलोय म्हणून? बरं दिसतं का ते?”

आतून मास्तरीणबाईंनी विचारलं, “भावजी, साखर अजून दीड चमचाच ना?”

दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरची शिंपीण डोकावली ती तासभर बसली. कुणाचं तरी नातवंड रांगत आलं आणि मास्तरांचा चष्मा घेऊन गेलं. घरात असा आवाज कित्येक वर्षांत झाला नव्हता. पाच दिवस झाले, आठ झाले, सुताराचा पत्ता नाही. मास्तरांनीही फोन केला नाही.

नवव्या दिवशी मात्र, लोकलाजेस्तव का होईना, ते त्याच्या कारखान्यात गेले. चौकट आणि दार, दोन्ही पॉलिश होऊन भिंतीला टेकून उभी होती.

“झालं की रे काम!”

सुतार चाचरला. “परवाच झालं, सर. पण काकूंचा फोन आला होता. म्हणाल्या, अजून आठ दिवस आणू नकोस. आणि सरांना सांगू नकोस म्हणाल्या.”

मास्तरांनी चौकटीवरून हात फिरवला. मग वर्गात वापरायचे त्या आवाजात म्हणाले, “मग मोठ्या माणसांचं ऐकावं. आणि मी इथे आलो होतो, हे काकूंना सांगू नकोस.”

घरी पोचले तेव्हा कंपाउंडर मधल्या पानावर होते.

“फिरून आलात? सुताराकडे डोकावायचं ना जाता जाता,” मास्तरीणबाई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या.

“रस्त्यात भेटला. लाकूड अजून ओलं आहे म्हणे. आठ दिवस तरी लागतील.”

“काय बाई हे सुतार, एक म्हणून शब्द पाळत नाहीत!” असं म्हणत मास्तरीणबाईंनी घाईघाईने आत जाऊन तिघांचा चहा टाकला.