विनाअट अनिच्छुक

विद्यापीठाच्या कुलगुरूंची मुदत ठरलेल्या दिवशी संपली आणि त्यामुळे सगळ्यांची एकच तारांबळ उडाली. ही तारीख नेमणुकीच्या आदेशातच छापलेली होती. पण छापलेली गोष्ट खरोखर घडते, असा अनुभव त्या विद्यापीठात कुणाच्या गाठीशी नव्हता. मावळत्या कुलगुरूंच्याही नसावा. निरोपाचा गुच्छ हातात पडला तेव्हा ते पुढल्या परदेश दौऱ्यात कोणाला न्यायचं नाही याचा विचार करत होते.

परिनियम मात्र या बाबतीत चोख होते. नवे कुलगुरू येईपर्यंत एका ज्येष्ठ प्राध्यापकाने प्रभारी म्हणून खुर्ची सांभाळावी. मात्र त्याने स्वतः कुलगुरूपदाचा उमेदवार असू नये. थोडक्यात, ज्याला खुर्ची नको, त्यालाच ती काही दिवस द्यायची. असा माणूस हुडकण्यासाठी प्राध्यापक सभा बोलावण्यात आली.

या सभेला शेवाळसर गेले ही त्यांची पहिली चूक. ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. हयातभर शेवाळाचा अभ्यास केला म्हणून हे नाव पडलं, आणि इतकं चिकटलं की बँकेतही लोक त्यांना त्याच नावाने हाक मारत. महिनाअखेरीस ते निवृत्त व्हायचे होते. दूरच्या एका तळ्याकाठी नवराबायकोने छोटं घर घेतलं होतं. घराच्या मागे उत्तरेकडची एक ओलसर दगडी भिंत होती आणि तिच्यावर असं काही शेवाळ होतं की ते पाहून सरांनी घराच्या खोल्या-खिडक्यांची चौकशीसुद्धा न करता होकार दिला होता. बायको निवृत्त मुख्याध्यापिका. तिने खोल्या-खिडक्या नंतर मोजल्या आणि सामानाची खोकी बांधायला घेतली.

तर त्या दिवशी सकाळीच सरांनी एक दाढ काढून घेतली होती. तोंडात कापसाचा बोळा, गालावर सूज आणि डॉक्टरांची ताकीद, की संध्याकाळपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. घरी जाऊन पडावं की नाही? पण निवृत्तीआधीची शेवटची सभा, तोंड दाखवून येऊ, असं त्यांना वाटलं. तेवढंच त्यांनी दाखवलं.

सभेच्या अध्यक्षस्थानी कायद्याच्या प्राध्यापिका होत्या. सगळे परिनियम त्यांना तोंडपाठ असल्यामुळे लोक त्यांना परिनियमबाई म्हणत. त्यांच्या मागे म्हणत, आणि त्यांना ते ठाऊक होतं, आणि आवडत होतं. त्यांनी एकेकाला विचारायला सुरुवात केली, "आपण कुलगुरूपदासाठी इच्छुक आहात का?"

"छे, छे!" अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणाले. "मला कसली हौस? आता सहकाऱ्यांनी फारच आग्रह केला, तर मन मोडवणार नाही, एवढंच."

"मीसुद्धा मुळीच नाही," इतिहासवाले म्हणाले. "आग्रहाचं मात्र सांगता येत नाही."

असं करत करत प्रश्न सभागृहभर फिरला. एकालाही खुर्ची नको होती आणि आग्रहापुढे प्रत्येकाचा नाइलाज होता. रसायनशास्त्राच्या प्राध्यापिकांनी तर आग्रह झालाच तर घालायचा सूट शिवून ठेवल्याचंही बोलता बोलता सांगून टाकलं. शेवटी प्रश्न शेवाळसरांपाशी आला. सरांनी डोळे मिटून फक्त नकारार्थी मान हलवली. मग ते कापूस चावत बसले. सभागृह क्षणभर वाट पाहत राहिलं, की आता 'पण' येईल. 'पण' आला नाही.

इतिवृत्तात नोंद झाली: 'सर्व सदस्य आग्रहाच्या अटीवर अनिच्छुक. प्राध्यापक शेवाळसर विनाअट अनिच्छुक. सबब त्यांची प्रभारी कुलगुरू म्हणून एकमताने निवड करण्यात येत आहे.'

टाळ्यांचा कडकडाट झाला. सरांनी हातवारे करून नको नको म्हटलं, आणि तो विनय समजून टाळ्या आणखी वाढल्या.

"महिनाअखेरपर्यंतचाच प्रश्न आहे," त्यांनी दुसऱ्या दिवशी बायकोला समजावलं.

"मी भांडी बांधली आहेत," ती म्हणाली. "दोन ताटल्या बाहेर ठेवल्या आहेत. तेवढ्यात भागवा."

महिनाअखेर आली. निवृत्तीचे कागद घेऊन सर कुलसचिवांकडे गेले. कुलसचिव हा अत्यंत नम्र माणूस. कोणाचंही काम अडवताना तो आधी त्याला बसायला खुर्ची देई. त्यांनी सरांना खुर्ची दिली, तेव्हाच सरांनी काय ते ओळखलं.

"सर, निवृत्तीच्या आदेशावर कुलगुरूंची सही लागते."

"मग करतो की. इकडे द्या."

"आपल्याच निवृत्तीवर आपली सही? हा तर थेट हितसंबंध झाला, सर."

"बरं, मग सही नाही करत."

"मग आपण निवृत्त होत नाही," कुलसचिव म्हणाले आणि उभं राहून त्यांनी हात पुढे केला. "सेवावाढीबद्दल अभिनंदन."

सर घरी आले, तर अंगणात मालाचा ट्रक उभा. ट्रकवाला घाई करत होता. बायकोने सगळं ऐकून घेतलं. मुख्याध्यापिका होती, उशिरा येणाऱ्यांच्या सबबी ऐकण्यात तिचं आयुष्य गेलं होतं.

"नवा कुलगुरू आला की तुमची सही होणार ना?"

"हो."

"मग आणा की लवकर. मी पुढे होते. तिकडे भिंतीवर पाणी मारायला कुणीतरी हवं." ट्रकमध्ये चढता चढता तिने एक ताटली परत दिली. दुसरी तिने स्वतःसाठी ठेवून घेतली.

आता सर हात धुऊन मागे लागले. सगळ्या विद्यापीठात नवा कुलगुरू खरोखर हवा असलेला माणूस एकच होता आणि तो कुलगुरूच्या खुर्चीत बसला होता. त्यांनी शोध समिती नेमायचं ठरवलं. परिनियमबाई म्हणाल्या, "अवश्य नेमा. अट एकच, समितीवरचा सदस्य स्वतः उमेदवार नको."

"पण इथे कुणीच इच्छुक नाही ना? इतिवृत्तात तसं आहे."

"अटीवर अनिच्छुक आहेत, सर. आग्रह कोणत्याही क्षणी होऊ शकतो. संभाव्य आग्रहित व्यक्तीला समितीवर कसं घेणार? उद्या ती स्वतःलाच आग्रह करेल."

"मग बाहेरच्या विद्यापीठांतून सदस्य मागवू."

बाहेरून उत्तरं आली. सगळ्यांनी आनंदाने होकार दिला होता, आणि प्रत्येकाने सोबत आपला परिचय जोडला होता, सहज, माहितीसाठी, आग्रह झालाच तर हाताशी असावा म्हणून.

सरांनी मग दुसरा मार्ग धरला. इतकं वाईट वागायचं, की लोकांनीच आपल्याला हाकलून द्यावं. त्यांनी आदेश काढला: 'प्रत्येक प्राध्यापकाने आपला तास स्वतः घ्यावा आणि तास संपेपर्यंत वर्गात थांबावे.'

काय हलकल्लोळ झाला म्हणता! प्राध्यापक निवासाच्या बागेत निषेध सभा भरली. एका विभागप्रमुखांचा तर रक्तदाब वाढला. तो मोजायचं यंत्र आणायला वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक वर्गाकडे धावले आणि त्या निमित्ताने त्यांना आपला वर्ग कुठल्या मजल्यावर आहे ते कळलं. परिनियमबाईंनी येऊन सांगितलं, "सर, हा आदेश रद्द समजावा लागेल. प्रभारी व्यक्तीला धोरणात्मक निर्णय घेता येत नाहीत."

"शिकवणं हा धोरणात्मक निर्णय आहे?"

"आपल्याकडे तरी," परिनियमबाई गंभीरपणे म्हणाल्या, "इतका मोठा बदल यापूर्वी कुणी सुचवलेला नाही."

विद्यार्थ्यांना या सगळ्याची काही कल्पना नव्हती. वर्गात प्राध्यापक आले असते तर ते दचकले असते, पण तशी वेळ आली नाही.

त्या दिवशी दुपारी अर्थशास्त्राचे प्राध्यापक सरांच्या दालनात आले. दार लावून घेतलं, खुर्ची पुढे ओढली.

"सर, मनावर घेऊ नका. तो आदेशाचा दंगा वरवरचा आहे. तुम्ही जाऊ नका म्हणजे झालं."

"अहो, पण तुम्हाला कुलगुरू व्हायचंय ना?"

"व्हायचंय की. म्हणूनच तर सांगतोय." त्यांनी आवाज खाली आणला. "तुम्ही आहात तोवर मी हरलेलो नाही. निवड झाली की एक जण कुलगुरू होणार आणि बाकीचे सगळे हरलेले. मग घरी काय तोंड दाखवू? सासरेबुवा दर रविवारी विचारतात, झालं का? मी सांगतो, प्रक्रिया चालू आहे. किती सुखाचं वाक्य आहे हे, सर! प्रक्रिया चालू आहे."

ते गेले आणि इतिहासवाले आले. मग रसायनशास्त्रवाल्या. संध्याकाळपर्यंत सगळे येऊन गेले, आणि जाताना प्रत्येकाने सरांचा हात दोन्ही हातांत धरला. आजवर सरांवर इतकं प्रेम कुणी केलं नव्हतं. ते दचकले. प्रेम करणाऱ्यांच्या तावडीतून माणूस सुटत नाही, हे त्यांना लग्नाच्या अनुभवाने ठाऊक होतं.

त्यांनी बायकोला फोन लावला.

"अगं, हे मला सोडणार नाहीत."

"भिंतीवर काहीतरी लालसर उगवलंय," ती म्हणाली. "टोपी घातल्यासारखं दिसतं. काढून टाकू का?"

"हात लावू नकोस!" सर इतक्या जोरात ओरडले की बाहेर कुलसचिवांनी सवयीने एक खुर्ची उचलली. "बीजाणू धरलेत त्याने! थांबतं ते जेमतेम काही आठवडे. मला बघायचंय ते."

"मग या की. अहो, एवढे शिकलेले तुम्ही, साधी गोष्ट लक्षात येत नाही? उमेदवाराला प्रभारी राहता येत नाही ना? मग व्हा उमेदवार. अर्ज टाका. खुर्ची आपोआप सुटेल."

सरांना वाटलं, ही बाई शाळेत वाया गेली.

पुढच्या प्राध्यापक सभेत ते उभे राहिले. दाढेची जागा आता भरून आली होती. खणखणीत आवाजात ते म्हणाले, "मी कुलगुरूपदासाठी इच्छुक आहे."

कुणाच्या तरी हातून पाण्याचा पेला पडला. विद्यापीठाच्या स्थापनेपासून हे वाक्य त्या छताखाली उच्चारलं गेलं नव्हतं. रसायनशास्त्रवाल्यांनी कानांवर हात ठेवले. इतिहासवाले पुटपुटले, "इतकं उघड?"

"आग्रह झाल्यास ना?" परिनियमबाईंनी त्यांना सावरायची संधी दिली.

"नाही. आग्रहाशिवाय. मला खुर्ची हवी आहे."

सभा तहकूब झाली, पुन्हा भरली, पुन्हा तहकूब झाली. अखेर परिनियमबाईंनी निर्णय वाचून दाखवला. 'कुलगुरूपदासाठी उमेदवाराचे नाव आग्रहाने पुढे यावे, अशी या विद्यापीठाची परंपरा आहे. पदाची उघड इच्छा व्यक्त करणारी व्यक्ती त्या पदास कायमची अपात्र ठरते. सबब शेवाळसरांची उमेदवारी फेटाळण्यात येत आहे. मात्र यापुढे कधीही उमेदवार होऊ न शकणारी संपूर्ण विद्यापीठातील ही एकमेव व्यक्ती असल्याने, प्रभारीपदासाठी त्यांच्याइतकी पात्र व्यक्ती दुसरी असूच शकत नाही. त्यांची कायमस्वरूपी प्रभारी म्हणून एकमताने नेमणूक करण्यात येत आहे.'

टाळ्या थांबेनात. अर्थशास्त्रवाल्यांचे डोळे पाणावले होते. येत्या रविवारची काळजी मिटली होती.

शेवाळसर शांतपणे घरी गेले. एका ताटलीत जेवले, ताटली धुतली, पिशवीत घातली आणि बसस्थानकावर जाऊन उभे राहिले. परवानगी मागितली नाही, कारण परवानगी देणारे तेच होते आणि तो हितसंबंध झाला असता.

तळ्याकाठच्या घराच्या दारात बायको उभी होती. तिने त्यांच्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं.

"सही कुणी केली?"

"कुणीच नाही."

"म्हणजे निवृत्त नाही झालात. रजेवर?"

"रजा मंजूर करायला कुणी नाही."

"मग आलात कसे?"

"पळून," सर म्हणाले.

मुख्याध्यापिकेने असं उत्तर देणारी कितीतरी मुलं आयुष्यात कोपऱ्यात उभी केली होती. तिने त्यांच्या हातातली पिशवी घेतली. मग बाजूला सरकली. "मागच्या दाराने जा. टोप्या अजून आहेत."

तिकडे विद्यापीठात बरेच दिवस काही बिघडलं नाही. दालन बंद असे. 'सर चिंतनात आहेत' असं कुलसचिव सांगत आणि बसायला खुर्ची देत. पगार निघत होते, दौरे होत होते, प्रक्रिया चालू होती. पण एकदा पदवीच्या प्रमाणपत्रांवर सही हवी झाली आणि खोली उघडावी लागली. खोली रिकामी. आता प्रभारींचा प्रभारी शोधणं आलं.

विद्यापीठात तर सगळेच अटीवर अनिच्छुक. तेव्हा परिनियमबाईंनी परिनियमांची शेवटची पानं उलटली. तिथे तरतूद सापडली, की अशा प्रसंगी विद्यापीठाबाहेरील व्यक्ती नेमता येईल. तिला या प्रकरणाची सुरुवातीपासूनची सगळी हकीकत माहीत असावी; तिचा कोणत्याही गटाशी संबंध नसावा; आणि सगळं कळल्यावरही यात आपण काहीतरी केलं पाहिजे, असं तिच्या मनात क्षणभरही आलेलं नसावं.

अशी व्यक्ती मिळणं कठीण, असं सभेत सगळ्यांचं मत पडलं होतं. मी त्यांना कळवलं, की मुळीच कठीण नाही, आत्ताच एक जण ही हकीकत शेवटपर्यंत वाचून मजेत हसतो आहे. कुलसचिव निघाले आहेत. त्यांनी तुम्हाला बसायला खुर्ची दिली, तर कृपा करून उभेच राहा.