आवाज!

आमच्या शेजारच्या महादेवरावांकडे हात धुवायला जाणाऱ्या पाहुण्याला आधी सूचना द्यावी लागते. बाथरूममध्ये गेलेला माणूस जरा वेळ शांत राहिला, की ते बाहेरून ओरडतात, "आवाज!" आतल्याने "हौ" म्हणायचं असतं. त्यांच्या पुतणीला पाहायला मंडळी आली होती, तेव्हा मुलाच्या वडिलांना ही सूचना द्यायची राहून गेली. दारावर थाप पडली, हाक आली आणि ते गृहस्थ साबणाच्या हातांनीच "हौ, हौ" करत बाहेर आले. लग्न जमलं. व्याही मात्र अजूनही अंगणातल्या नळावर हात धुतात.

महादेवरावांची सगळी नोकरी विजेच्या खांबांवर गेली. ते लाइनमन होते. माणसं खांबांवर चढलेली असताना खाली उभा असलेल्याने हाक द्यायची, वरच्या प्रत्येकाने ओ द्यायची आणि सगळ्यांची ओ आल्याशिवाय लाइन सुरू करायची नाही, असा त्यांच्या टोळीचा नेम होता. नोकरी संपली, नेम संपला नाही.

अकोल्यात त्यांचं आणि आमचं घर एका भिंतीचं आहे. पत्नी गेल्यापासून ते एकटेच राहतात. बाहेरून आले की कुलूप काढतात आणि उंबऱ्यातूनच आत हाक टाकतात, "आवाज!" चोर शिरला असेल तर तो ओ देणार आहे का, असं मी एकदा विचारलं.

"चोर कायले देते? पण इचारायले काय जाते?" ते म्हणाले.

हाक दिल्यावर बराच वेळ त्यांच्या घरात दिवा लागत नाही. ते वीज वाचवतात, अशी आमची समजूत होती.

भीती हा त्यांचा दिवसभराचा उद्योग आहे. चप्पल घालण्यापूर्वी ते ती आपटतात, कारण विंचू. पंख्याखाली झोपत नाहीत, कारण पंखा. आमची आठ वर्षांची मुक्ता आणि चार वर्षांचा नीरज त्यांना आबाजी म्हणतात. ही दोघं गच्चीवर गेली की त्यांच्या अंगणातून हाका सुरू होतात.

ऑक्टोबरात आम्ही मुलांना सीताफळं तोडायला न्यायचं ठरवलं. माझ्या पत्नीच्या, सुनंदाच्या, मामांची बाग पातूरच्या पुढे टेकडीच्या उतारावर आहे. महादेवरावांचा या बेताला विरोध होता.

"सीताफळं बजारात भेटतात ना सूनबाई. तिथं बिबट हाये, साप हाये."

"मग तुम्ही नका येऊ, काकाजी," सुनंदा म्हणाली.

"तुमी पोट्टे घेऊन जाऊन राहिले, त मले यावंच लागते!"

सकाळी ते गाडीपाशी आले ते गुडघ्यापर्यंत गमबूट, हातात काठी, भर उन्हात टॉर्च आणि ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा, अशा तयारीने.

"काकाजी, कांदा मे महिन्यात ठेवतात," सुनंदा म्हणाली.

"ऑक्टोबरचं ऊन काय जावई हाये आपला?"

बागेत पोचल्यावर मामांनी खालच्या अंगाला असलेली विहीर दाखवली. तिला कठडा नव्हता. महादेवरावांनी काठीने मातीत रेघ ओढली आणि रेघेपलीकडे जाणाऱ्याचं तंगडं मोडण्याचं जाहीर केलं. मग त्यांनी मुलांना फळ ओळखायला शिकवलं. सीताफळाच्या खवल्यांमधली फट रुंदावून पांढरट दिसू लागली, की त्याचे डोळे उघडले असं म्हणतात. तेच तोडायचं.

"अन् हे?" नीरजने एका हिरव्या, घट्ट फळाकडे बोट केलं.

"त्याचे डोये मिटले हायेत. ते झोपलं हाये. झोपलेल्याले उठवाचं नाही."

नीरजने मान हलवली.

पुढचा तासभर बरा गेला. मुक्ताने टोपलीचा तळ झाकला. सुनंदा मामांशी बोलत होती, मी फांद्या वाकवत होतो. मधूनमधून हाक येत होती, तिची आम्हाला सवय होती. मुक्ता "हौ", सुनंदा "हौ", मी "हौ", नीरज "हौ".

मग एका हाकेला चौथी ओ आली नाही.

"आवाज! नीरज, आवाज दे!"

काही नाही. सुनंदाच्या हातातलं फळ खाली पडून फुटलं. आम्ही सगळेच एकाच दिशेला पाहत होतो आणि विहिरीचं नाव कोणी घेत नव्हतं. महादेवराव स्वतः ओढलेली रेघ ओलांडून, गमबूट फटफटवत उतारावरून धावत सुटले. मी मागे होतो. विहिरीच्या काठावर ते पालथे झाले आणि आत टॉर्च मारला. पाणी हिरवं होतं, हलत नव्हतं.

"आवाज!"

विहिरीने त्यांचीच हाक त्यांना परत केली. त्यांनी पुन्हा दिली, पुन्हा तीच आली. तिसऱ्या वेळी त्यांचा घसा फुटला.

"बाबा! इकडे!" वरून मुक्ता ओरडली.

बांधालगतच्या एका बुटक्या झाडाखाली, गवतात, नीरज मांडी घालून बसला होता. त्याच्या डोक्यावर घट्ट हिरवी फळं लोंबत होती. सुनंदाने त्याला उचलून छातीशी धरलं.

"कावून ओ नाही दिली रे तू?" एरवी ती घरात अशी बोलत नाही.

नीरजने ओठांवर बोट ठेवलं. "देऊन राहिलो होतो ना," तो कुजबुजला. "हळू. हे झोपले आहेत."

म्हणजे प्रत्येक हाकेला त्याने ओ दिली होती, कुजबुजत.

महादेवराव धापा टाकत वर आले. त्यांनी ते ऐकलं आणि होते तिथेच मातीत बसले. खिशातून कांदा काढून हुंगला. आता तंगडं मोडण्याचा विषय निघेल, असं मला वाटलं.

"बरं केलं लेका," ते म्हणाले. "उठले असते त कच्चेच राह्यले असते."

परतताना गाडीत त्यांनी एकही हाक दिली नाही. नीरजचा पाय तेवढा हातात धरून ठेवला होता. अकोल्याला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आम्ही ओसरीवर टोपली उतरवत होतो. शेजारी कुलूप निघाल्याचा आवाज झाला. महादेवराव काळोख्या घराच्या उंबऱ्यात उभे राहिले. घसा बसला होता, तरी हाक आलीच.

"आवाज!"

नेहमीप्रमाणे आत कोणी नव्हतं. ते तसेच उभे राहिले, वाट पाहत.

नीरजने हातातलं सीताफळ नीट पाहिलं. त्याचे डोळे उघडे होते. मग तो भिंतीकडे तोंड करून, होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडला, "हौ!"

पलीकडे दिवा लागला.