नानांनी निवडलेली बाटली

दारूच्या दुकानात काउंटरवर हात पुढं करून त्यावर उपरणं टाकणारा माणूस मी एकच पाहिला. आमचे नाना.

दुकानदार दचकला. "चाचा, ये क्या है?"

"हात आत घाल," नाना म्हणाले. "भाव चारचौघांत बोलायचा नसतो."

बैलबाजारात सौदा असाच होतो. कापडाखाली एकमेकांची बोटं दाबायची, भाव ठरतो आणि शेजारच्याला पत्ता लागत नाही. नाना मूळचे पिशोर गावचे. तिकडं कुणालाही बैल घ्यायचा असला की आधी नानांना घेऊन जायचे. दारूला मात्र त्यांनी जन्मात हात लावला नव्हता.

मी इथं शहरात, उस्मानपुऱ्यात, त्यांच्या घरी स्वयंपाक करते. गुडघ्यांमुळं रस्ता ओलांडताना ते माझा हात धरतात, म्हणून त्या दुकानाच्या पायरीवर मलाही उभं राहावं लागलं, पदर नाकापर्यंत ओढून. माझा नवरा दारूनंच गेला. बाटली दिसली तरी मी तोंड फिरवते. मी आधीच सांगून ठेवलं होतं, "नाना, काय आणायचं ते आणा. मी तिला हात लावणार नाय."

"नको लावू. मला तरी कुठं प्यायचीय?"

प्यायची होती जावयानं. नानांची एकुलती एक वर्षा आयर्लंडला नर्स आहे. तिनं तिकडच्याच माणसाशी लग्न केलं, तेव्हा नाना फोनवर म्हणाले होते, "त्याला माझ्या उंबऱ्याच्या आत घेणार नाय." तो शब्द त्यांनी पाळला. पुढं काकू, वर्षाची आई, गेल्या, घर सुनं झालं आणि नानांचा हट्ट सुटला. आता दिवाळीला दोघं पहिल्यांदा येणार होती. जावयाला मराठी येत नाही, नानांना इंग्रजी. दोन दिवसांनी नाना म्हणाले, "सुमन, त्याच्या मुलखातली चांगली दारू निवडून त्याच्यापुढं ठेवतो. माणूस असंल तर समजंल."

निवडायला चार शनिवार लागले. आयरिश व्हिस्कीच्या तीनच बाटल्या होत्या, वरच्या फळीवर. नाना एकेक उजेडात धरून फिरवायचे. "घाई करायची नाय. आधी डोळा बघायचा." दुकानदारानं कौतुकानं अठरा वर्षांची पुढं केली, तर नाना हसले. "अठरा वर्षांचा? अरे, त्याच्या तोंडात दात तरी राहिलेत का?"

"चाचा, पुरानी अच्छी होती है!"

"मला शिकवतो व्हय रे?"

दुसरी मिसळीची निघाली, वेगवेगळ्या दारू एकत्र केलेली. तिसरी दहा वर्षांची, एकाच भट्टीतली, तीनदा गाळलेली. "म्हंजे एकाच गोठ्यातली," नाना म्हणाले. "ही घेऊ." मग ते उपरणं आलं. दुकानदारानं आत हात घातला नाही, छापील किंमत दाखवली. नाना वाटभर फणफणत होते, "ह्याला काय बाजार म्हणतात?"

घरी आल्यावर दारातच थांबले. "पाणी आण." नवा बैल आला की उंबऱ्यात त्याच्या पायांवर पाणी घालतात. मी काही हलले नाही. मग स्वतःच तांब्या आणून त्यांनी बाटलीच्या बुडाशी पाणी घातलं, झाकणाला कुंकू लावलं आणि तिला कपाटावर काकूंच्या फोटोशेजारी ठेवलं. मी रोज ते कपाट पुसायची, ती सोडून.

वसुबारसेला दुपारी वर्षाचा व्हिडिओ फोन आला. जावयाची आई पडली होती, मांडीचं हाड मोडलं होतं. येणं रद्द.

"बरं, बरं. त्यांना जपा," नाना म्हणाले. तेवढ्यात जावई फोनमध्ये डोकावला. नाना गुडघे विसरून उठले, बाटली आणली आणि फोनसमोर धरली. लाल तोंडाचा तो माणूस वाकून बघायला लागला. काहीतरी बोलला, आणि फोन अडकला. उघडं तोंड तसंच राहिलं. मग तेही गेलं.

"काय म्हणला गं?"

"आवाज नाय आला, नाना."

पुन्हा लावला, लागला नाही. मग नानांनी बाटली उघडली. पाण्याच्या ग्लासात बोटभर ओतली आणि तशीच बघत राहिले.

"बैल चुकला तर परत बाजारात नेता येतो," ते म्हणाले. मग माझ्याकडं न बघता, "सुमन, नुसता वास घेशील? ह्यातलं तुलाच कळतं."

मी पदराला हात पुसले. ग्लास उचलला. नाकाशी धरला तरी श्वास रोखून होते. मग सोडला. नवऱ्याचा वास आला नाही. भिजवलेल्या धान्याचा आला, थोडा मधाचा, थोडा जुन्या लाकडी पेटीचा.

"चांगली हाये, नाना," मी म्हणाले. "लई चांगली निवडली."

नानांनी टेबलावर हात पुढं केला आणि त्यावर उपरणं टाकलं. मी आत हात घातला. त्यांची बोटं गार होती. कुठलंच बोट त्यांनी दाबलं नाही. नुसता हात धरून बसले.