मुरबाडच्या पुढचा समुद्र

माझ्या पिठाच्या गिरणीसमोर दामूभाऊंनी पाटी ठोकली आहे: 'टेकडीवरचं नवं घर विकणे आहे. वरून समुद्र दिसतो.' आमचं गाव मुरबाडच्याही पुढे. इथून कल्याण गाठेपर्यंत एसटीत एक झोप पुरी होते, आणि कल्याणलाही खाडीच आहे.

गिऱ्हाईक आधी मलाच विचारतं, समुद्र कुठे? मी म्हणते, वर जा.

घर दामूभाऊंच्या मुलाने हौसेने बांधलं. भिंतभर काचा, स्टीलचा कठडा. आई गेल्यावर त्याने ठरवलं, हे विकायचं आणि बाबांना कल्याणला न्यायचं. दामूभाऊ लगेच हो म्हणाले. पाटीही स्वतःच रंगवली.

रविवारी लोक येतात. दामूभाऊ त्यांना पश्चिमेकडे तोंड करून बसवतात, चहा देतात, भाकरी खाल्ल्याशिवाय सोडत नाहीत. समुद्राचं विचारलं की म्हणतात, "तिकडंच हाय. मधी डोंगर येतो, त्याला मी काय करू?" एका बाईंना तर तो दिसलाही. तेव्हा दामूभाऊच गडबडले आणि त्यांच्या मागे उभे राहून डोळे बारीक करून बघू लागले.

मला काही उमगेना. विकायचं तर खोटं कशाला? आणि फसवायचं तर भाकरी कशाला?

मागच्या महिन्यात ठाण्याचे एक निवृत्त गृहस्थ आले. वीज गेल्याने गिरणी बंद होती, म्हणून वाट दाखवायला मीही वर गेले. ते घर फिरून आले आणि म्हणाले, "समुद्र नसला तरी चालेल. घर पसंत आहे. मुलाचा नंबर द्या."

दामूभाऊंनी कप खाली ठेवला. मग सुरूच झाले. वाऱ्याने काचा फुटतात. पडवीत साप निघतो. चैत्रात विहीर आटते. त्या विहिरीवर अर्धं गाव मे महिन्यात पाणी भरतं. गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं.

"आटते," मी म्हटलं.

कळवतो म्हणून ते उतरून गेले. मी दामूभाऊंना खडसावलं. विकायचं नसेल तर मुलाला सरळ सांगा, हा समुद्र कशाला मधे?

ते कठड्याची धूळ पुसत राहिले. मग म्हणाले, "समुद्र लिवला का माणूस टेकडी चढतो, वैनी. नायतर वर कोण येतंय?"

मी कप उचलून विसळायला नेले. गिरणीपासून त्यांच्या दारापर्यंत दहा मिनिटांची चढण. त्यांच्या बायकोच्या तेराव्यानंतर ती मी त्या दिवशी पहिल्यांदा चढले होते.