कोरडेवाडीचे स्टेशनमास्तर

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या सबनीसकाकांनी मला पहिल्याच भेटीत लोहार केलं. चहा दिला, व्हिसा किती वर्षांचा आहे ते विचारलं आणि अंगठ्याएवढा प्लास्टिकचा माणूस माझ्यापुढे धरून म्हणाले, "हा तू. लोहाराची जागा रिकामी आहे."

काका इथल्याच रेल्वेत गार्ड होते, आता रिटायर्ड. मुलगी ऑस्ट्रेलियात, घरात एकटेच. त्यांची मोटार बारा महिने पावसात भिजायची, कारण गॅरेजमध्ये अमेरिकेतलं एक गाव होतं. अमेरिका काकांनी पाहिलेली नव्हती. कार बूट सेलमध्ये, म्हणजे मोटारींच्या डिकीतून जुनं सामान विकतात त्या बाजारात, त्यांना मॉडेल रेल्वेचा एक खोका मिळाला, त्यातून माळरानावरचं स्टेशन निघालं. खोक्यावर नाव होतं ड्राय क्रीक. काकांनी त्याची कोरडेवाडी केली.

"आधी टाकी, मग गाव," हे त्यांचं पालुपद. वाफेच्या इंजिनाला तहान लागते, म्हणून माळावर पाण्याची टाकी. टाकीवर माणूस, माणसाला खानावळ, मग लोहार, न्हावी, शेरीफ. हा इतिहास मी इतक्यांदा ऐकलाय की मला त्यावर पीएचडी मिळायला हरकत नाही.

वस्ती मात्र आम्हा मराठी मंडळींची. प्रोजेक्टवर आलेलं प्रत्येक कुटुंब काका कोरडेवाडीत वसवत. नागपूरचा देशपांडे शेरीफ झाला. माझ्या बायकोला, सुजाताला, शाळेवर नेमलं.

"काका, मी बँकेत आहे," ती म्हणाली.

"कोरडेवाडीत बँक अजून यायची आहे."

काका नियमाला पक्के. ज्याचा व्हिसा संपेल त्याचा माणूस रविवारी तीन पाचच्या गाडीत बसवायचा. काका शिट्टी मारत, हिरवा झेंडा दाखवत आणि त्या घराच्या दारावर काळा टेप चिकटवत. शेरीफ गेला तेव्हा देशपांड्याची बायको डोळे पुसत होती आणि काका घड्याळ बघत होते. डिझेल आलं, इंजिनाला पाणी नको झालं की अशी गावं उठतातच, त्यात हळहळायचं काय, असं त्यांचं म्हणणं. ह्या माणसाला काळीज दिलंय की नाही, अशी मला शंका यायची.

मग आमचंही प्रोजेक्ट संपलं. रविवारी निरोपाला गेलो तर तीन पाचची गाडी रद्द. रुळावर गाय आलीय, म्हणाले. खरंच त्यांनी एक प्लास्टिकची गाय आडवी घातली होती. पुढच्या रविवारी पुरात पूल वाहून गेला. नदी कोरडी ठणठणीत. सुजाताला हसू आवरेना. तिसऱ्या रविवारी इंजिनाची तब्येत बरी नव्हती.

"काका, उद्या आमचं फ्लाइट आहे," मी म्हणालो. "आज तरी सोडा गाडी."

काका उठले नाहीत. तेव्हा कुठे मी गावाकडे नीट पाहिलं. सगळ्या दारांवर काळा टेप होता. उघडी होती फक्त शाळा, लोहाराचं दुकान आणि स्टेशन. हे मला आधीच दिसायला हवं होतं, आणि मी तीन रविवार हसत होतो.

"तुम्ही जा रे," काका म्हणाले. "तुमचं सगळं तिकडे आहे. पण ह्या दोघांना राहू द्याल का? रविवारी मला कुणाशी तरी बोलायला लागतं."

सुजाताने शाळेतल्या बाईंना उचललं, लोहाराला उचललं आणि दोघांना स्टेशनच्या बाकावर शेजारी शेजारी बसवलं. काकांनी पुढे वाकून त्यांची तोंडं आपल्या खुर्चीकडे वळवून घेतली.