निंबाजीरावांनी गाडीत वाटदर्शक यंत्र बसविले त्याची हकीकत

॥ श्री घाटजाई प्रसन्न ॥

शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, माहे मार्गशीर्ष. जी वाट दाखविते आणि मर्जी फिरल्यास चुकवितेही, त्या देवीस दंडवत घालून जे घडले ते घडले तैसे लिहिले आहे. पदरचे काही घातले नाही. घातले असल्यास ते शोभेपुरते. राज्याचे नाव काय, हद्द कोठवर, हे पुसू नये. राज्य म्हणजे एक पांढरी गाडी, तिचे राजे निंबाजीराव. रावांनी चक्र धरावे, डावे हातच्या मानाच्या आसनावर मेहुणे जालिंदरराव यांनी बसावे, आणि राणीसाहेब गजराबाई यांनी मागे नैवेद्याचे डबे सांभाळीत बसावे, ऐशी दरबाराची बैठक चालत आली होती. गाडी टॉप मॉडेल नव्हती. थोरांच्या गाडीत जेथे पडदा असतो आणि पडद्यावर नकाशा असतो, तेथे या गाडीस काळ्या प्लॅस्टिकची कोरी पाटी होती. राव सिग्नलला थांबले की पाटीकडे पाहात आणि पाटी रावांकडे पाहात असे.

राज्याचा कुळाचार ऐसा की, दर मार्गशीर्षात घाटजाईस पुरणाचा नैवेद्य न्यावा आणि तो माध्यान्हीस देवळाचे दार लागण्यापूर्वी पोहोचावा. गतसाली रावांनी मोबाईलच्या भरवशावर स्वारी काढिली. घाटात शिरताच रेंज फितूर जाहली, आणि परत आली तो तिजबरोबर मावशींचा फोन आला आणि नकाशावर मावशींचा फोटो पसरला. मावशी मेथीच्या लाडवात डिंक किती, हे पुसत राहिल्या तोवर फाटा मागे गेला. मग जालिंदररावांनी काच खाली करून एका गृहस्थास वाट पुसली. त्या मुलखाची रीत ऐशी की, रस्त्यावर उभ्या माणसास वाट पुसली असता तो "ठाऊक नाही" म्हणत नाही. तो हात वर करितो, आणि हात वर केला म्हणजे तो कोठेतरी दाखवितोच. त्या हाताच्या रोखाने स्वारी गेली ती साखर कारखान्यात, उसाच्या ट्रॉल्यांच्या रांगेत, आणि मागे ट्रॉली, पुढे ट्रॉली, ऐसे होऊन राज्य वजनकाट्यावर चढले. काटेवाला बोलिला, "ऊस कुठाय?" राव बोलिले, "नैवेद्य आहे." काटेवाला बोलिला, "बरं, मग गाडी रिकामी मांडतो." तिकडे देवळाचे दार लागले, आणि पुरणपोळ्या दरबाराने ट्रॉलीच्या सावलीत खाल्ल्या. गजराबाई एक शब्द बोलल्या नाहीत. त्या बोलतात तेव्हा राज्य ऐकते, आणि बोलत नाहीत तेव्हा राज्य कापते.

मग जालिंदरराव हात धूत बोलिले, "दाजी, राग मानू नका. पुढच्या वर्षी किल्ली माझ्याकडं द्या. तुम्ही मागं आक्काशेजारी बसा निवांत. डबे धरा." हा शब्द रावांच्या काळजास लागला. राव उभे राहिले आणि बोलिले, "पुढच्या वर्षी या गाडीत कंपनीचंच यंत्र बसवीन, बाराच्या आत देवीपुढं उभा राहीन, आणि आजपासून वाट विचारायला काच खाली करणार नाही. चुकलो तर किल्ली तुमची, कायमची." जालिंदरराव बोलिले, "कायमची म्हणालात हां, दाजी. आक्कानं ऐकलंय." आक्कांनी ऐकिले होते, पण त्या बोलत नव्हत्या.

मग राव शोरूमच्या दरबारी गेले. तेथे गळ्यात टाय असलेले कारभारी बोलिले, "ह्या मॉडेलला नेव्हिगेशन येत नाही." राव बोलिले, "जागा तर आहे." कारभारी बोलिले, "जागा असते सर. ती जागाच येते." राव हार न खाता भंगार बाजारी गेले, आणि तेथे नूरभाई वायरवाले यांचे ठाणे होते, तेथे एक टॉप मॉडेल झाडावर आदळून पुढून चेपून पडले होते आणि आत पडदा शाबूत होता. राव बोलिले, "वाट दाखवणारी गाडी झाडावर कशी गेली?" नूरभाई बोलिले, "यंत्र सांगत होतं डावीकडं घ्या. मालक म्हणाला, मला माहितीय." हे ऐकताच रावांचा यंत्रावर पूर्ण भरवसा बसला, आणि तेच यंत्र हवे म्हणून हट्ट धरिला.

मग मोहीम सुरू जाहली. कोरी पाटी उपटिली, आणि मागे रंगीत वायरींचे जंगल निघाले, आणि नूरभाई त्यात कोपरापर्यंत शिरले. पडदा लागला, परंतु गाडीचा मेंदू त्यास ओळख देईना. डावा इंडिकेटर द्यावा तो वायपर फिरत, आणि रिव्हर्स टाकावा तो रेडिओवर कीर्तन लागे. राव बोलिले, "कीर्तन राहू द्या, वायपर तेवढे बघा." मग नूरभाईंनी लॅपटॉप जोडून मेंदूची समजूत घातली की, हा पडदा परका नव्हे, तू जन्मतःच टॉप मॉडेल होतीस, तुला कोणी सांगितले नव्हते. गाडीस ते पटले. मग हातभर वायरीच्या टोकास असलेली काळी चकती दाखवून नूरभाई बोलिले, "ही अँटेना. हिला आकाश दिसलं पाहिजे, मग ही रेंजवाचून सगळं सांगते," आणि डॅशबोर्डच्या आत, वरच्या प्लॅस्टिकखाली, मधोमध चिकटविली. पडदा उजळला, आणि बाण बरोबर नूरभाईंच्या ठाण्यावर उभा राहिला. काही स्क्रू उरले. नूरभाई बोलिले, "कंपनी जास्तीच लावते." राव तृप्त जाहले.

परंतु पूजेवाचून नवी वस्तू वापरू नये, हा राज्याचा दंडक. म्हणोन राव गाडी सासूबाईंच्या अंगणात घेऊन गेले. सासूबाईंनी पडद्यास हळदकुंकू लाविले, नारळ फोडिला, आणि घाटजाईची पितळी मूर्ती डॅशबोर्डवर मधोमध बसविली. मूर्तीखाली तांब्याचे ताटलीएवढे आसन घातले, देवी वळणावर घसरू नये म्हणोन, आणि आज्ञा केली, "हिला कुणी हलवायचं नाही." त्या क्षणापासून बाण सासूबाईंच्या अंगणातून हलेना. गाडी बाजारात गेली, पुलावर गेली, परंतु पडद्यावर ती अंगणातच. जालिंदरराव बोलिले, "दाजी, यंत्राला माझं घर मानवलेलं दिसतंय." राव डॅशबोर्ड उघडत, फ्यूज बदलत, वायरी आवळत, पुन्हा मिटवीत. नूरभाई येऊन बोलिले, "तब्येत ठणठणीत आहे. मनात काय आहे ते मी कसं सांगू?" ऐशाने नैवेद्याचा दिवस उगवला. राव बोलिले, "निघायचं. बाण हलो न हलो, मी हलणार."

स्वारी घाटात शिरली आणि तिठा आला. गतसालचा गृहस्थ तेथेच उभा होता, आणि गाडी पाहताच त्याने हात वर करावयास घेतला. जालिंदररावांनी काचेच्या बटनास बोट लाविले. रावांनी चारही काचा आपल्या बाजूने कुलूपबंद केल्या. जालिंदरराव बोलिले, "दाजी, साडेअकरा झाले. पुन्हा काट्यावर चढायचंय का?" तरी काच खाली होईना आणि राव गाडी मागेही घेईनात. आणि मग त्यांनी मनात हिशेब मांडिला की, नूरभाईंच्या ठाण्यावर यंत्रास दिसत होते, सासूबाईंच्या अंगणात दिसेनासे जाहले, दोहोंमध्ये काय बदलले? आणि त्यांची नजर हळूहळू वर जाऊन तांब्याच्या आसनावर थांबली. आकाश दिसले पाहिजे, हा नूरभाईंचा बोल, आणि चकतीच्या डोक्यावर तांब्याचे छप्पर.

जालिंदररावांनी रावांची नजर ओळखिली आणि बोलिले, "देवीला हात लावाल तर आईला मी काय सांगू?" राव बोलिले, "नाही लावत. पण मग..." तेव्हा मागून गजराबाई बोलल्या, "जाल्या, ऊठ तिथून. मागं ये अन् डबे धर." वर्षभरात त्या एवढे प्रथमच बोलल्या होत्या, म्हणोन जालिंदरराव उठले. गजराबाई मानाच्या आसनी बसल्या, पदर सावरिला, आणि मूर्ती आसनासकट उचलोन मांडीवर घेतली आणि बोलल्या, "आई, तुझ्याच दारी चाललोय. तेवढं अंतर माझ्यापाशी बस." आणि बाण थरथरला, सासूबाईंचे अंगण सोडिले, डोंगर ओलांडिला आणि तिठ्यावर येऊन उभा राहिला. यंत्र बोलिले, "डावीकडे वळा." राव बंद काचेतून त्या गृहस्थास रामराम करून डावीकडे वळले. देवळी पोहोचले तो पुजाऱ्याचा हात कडीवर होता. राव बोलिले, "महाराज, जरा थांबा." पुजारी बोलिला, "तुम्हीच का ते मागच्या वर्षी काट्यावर चढलेले?" तरी दार उघडे ठेविले. नैवेद्य पावला. जालिंदररावांनी डबे खाली ठेवून मान्य केले की, किल्ली दाजींची.

परतीस राव डोलत चालले. पुन्हा तिठा आला. गजराबाई बोलल्या, "माहेरी आईकडं जाऊन प्रसाद देऊन येऊ." राव किल्लीच्या भरात होते, बोलिले, "आज नको. थेट घरी." गजराबाई बरे म्हणाल्या, आणि देवी आसनासकट डॅशबोर्डवर मधोमध ठेविली, आणि हात जोडिले. बाण गप्प जाहला. येताना डावी असलेली वाट आता कोणती, हे रावांस उमजेना. तो गृहस्थ काचेबाहेर हात अर्धा वर करून वाट पाहात होता. रावांनी बोट काचेच्या बटनाकडे नेले आणि मागे घेतले. मग हळूच पुसिले, "बरं, कुणीकडं?"

गजराबाई बोलल्या, "उजवीकडं. आधी आईकडं."

येणेप्रमाणे यंत्र बसले, नैवेद्य पावला, किल्ली रावांपाशी राहिली, आणि काच आजतागायत खाली आली नाही. मानाचे आसन गजराबाईंकडे गेले, जालिंदरराव डबे धरितात, आणि सासूबाईंकडे दर रविवारी जाणे होते. लेखनसीमा.